विचारा की! : उत्तरेच्या किनाऱ्यावर पाहुणे पोचले का?

या महिन्यात निम्म्याहून जास्त प्रश्न पक्ष्यांचेच आलेत, त्यामुळे रेसिपी आणि व्हिसावाल्यांनी जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या वेळी. मी राहते इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यालगत, म्हणून जे सांगतेय ते इकडचं आहे, लंडनवाल्यांनी आपलं कॅलेंडर दोनेक आठवडे अलीकडे ओढून वाचावं.

ताई, मी सप्टेंबरमध्ये न्यूकॅसलला शिकायला आले. मार्च लागला की सगळे स्प्रिंग स्प्रिंग करतात पण मला तर अजून दोन स्वेटर लागतात. पक्षी नक्की कुठल्या तारखेला येतात? म्हणजे तशी सुट्टी काढता येईल.

अगं तारीख असती तर मीच नसती का काढली सुट्टी! अंदाज देते. मार्चच्या मध्यावर चिफचाफ येतो, एवढासा मळकट हिरवा पक्षी, दिसत नाही पण स्वतःचंच नाव घेत बसतो, चिफ-चाफ चिफ-चाफ, ते ऐकू आलं की समजायचं सुरू झालं. त्याच सुमारास सँड मार्टिन आणि व्हीटइअर. मार्चअखेरीला सँडविच टर्न, म्हणजे आपल्या सुरयांपैकीच एक. एप्रिलच्या मध्यापर्यंत भिंगऱ्या म्हणजे स्वॅलो बऱ्यापैकी, मग मेच्या पहिल्या आठवड्यात पाकोळ्या म्हणजे स्विफ्ट आणि आर्क्टिक टर्न.

पण खरं सांगू का, कॅलेंडर बघू नकोस, वारा बघ. उत्तरेचा वारा आठवडाभर धरून बसला की सगळं ठप्प, वर समुद्रावरून धुकं येतं, इथे त्याला फ्रेट म्हणतात, पाच मैल आत छान ऊन आणि किनाऱ्यावर आपण काकडतोय. मग एका रात्रीत वारा दक्षिणेला फिरतो आणि सकाळी बघावं तर कुंपणाच्या तारेवर सात-आठ भिंगऱ्या, जणू कालपासून इथेच होत्या. म्हणून हवामानाचं ॲप उघडलंस की टेम्परेचर नंतर बघ, आधी वाऱ्याचा बाण बघ.

आम्ही गेट्सहेडला नदीकाठी फ्लॅट घेतला. खिडकीबाहेरच्या कठड्यावर सीगलसारखे पक्षी घरटी करतायत, पहाटे चारपासून किंचाळतात, काच घाण, वास तर विचारू नका. लेटिंग एजंट हात वर करतो. घरटी काढून टाकली तर चालेल का?

नाही चालणार, अजिबात नाही. वापरातल्या घरट्याला हात लावणं 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग ते बाथरूमच्या खिडकीला का असेना. एजंटला म्हणावं, ऑगस्टअखेर पक्षी गेले की साफसफाई करून दे आणि तसं आत्ताच लेखी घे. (तुमचा वैताग कळतो. मी स्वतः एक उन्हाळा तिथून ऑफिसला चालत जायचे, छत्री उघडून, पाऊस नसताना.)

पण ते साधे सीगल नाहीत हो, किट्टीवेक आहेत. हा पक्षी समुद्रातल्या कड्यांवर राहणारा, हिवाळा भर अटलांटिकवर काढणारा, तो टाइन नदीने साधारण 13 किलोमीटर आत येऊन टाइन ब्रिजवर आणि आजूबाजूच्या इमारतींवर संसार मांडतो. समुद्रापासून इतकी आत त्यांची वस्ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्यांच्या दृष्टीने तुमची बिल्डिंग म्हणजे एक सरळसोट कडा, खाली पाणी, वर अरुंद कठडा, अजून काय पाहिजे. रविवारी दुपारी चहा घेऊन खिडकीशी बसा आणि बघा, एक जण चिखल-गवत घेऊन येतो, पायाने थापतो, दुसरी मान वाकवून ओरडते, किट्टी-वेऽऽक, अगदी स्पष्ट ऐकू येतं. इयरप्लगही घ्या मात्र.

आईबाबा साताऱ्याहून येतायत, 20 जुलै ते 30 ऑगस्ट. बाबांना पफिन बघायचाच आहे, त्यांनी टीव्हीवर बघितलाय. गुडघे दुखतात त्यांचे. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला नेलं तर?

ऑगस्टच्या लाँग वीकेंडला नेलंत तर बाबांना रिकामी बिळं दिसतील. पफिन मार्चअखेर-एप्रिलला आमच्या किनाऱ्यासमोरच्या फार्न बेटांवर येतात, बिळात एकच अंडं घालतात, आणि जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात, पुढचा मार्च येईपर्यंत जमिनीला पाय लावत नाहीत. तेव्हा विमानातून उतरल्या उतरल्या, जेट लॅग गेला खड्ड्यात, पहिल्या दोन-तीन दिवसांत न्या. उगाच आधी एडिनबरा, मग लंडन, मग बघू असं करत बसू नका.

बोटी सीहाउसेसच्या बंदरातून सुटतात, जुलैत आधी बुकिंग केलेलं बरं. बेटावर उतरायचं तर बेटं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं तिकीट वेगळं, मेंबर असाल तर नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर बोटीतून धक्क्यावर पाय टाकायचा आणि मग चढ, समुद्र हलत असेल तर आपलीच फजिती होते तिथे बाबांचं काय. फक्त बेटांना चक्कर मारून आणणाऱ्या बोटी असतात त्याच बऱ्या, पफिन पाण्यावर बोटीच्या अगदी जवळ बसलेले असतात, चोचीत पाच-सहा सँडईल आडवे धरलेले, मांदेलीसारखे बोटभर मासे. इथे 40,000 च्या वर जोड्या आहेत, चुकून नाही दिसले असं होत नाही. 2022 ला बर्ड फ्लूने फार वाईट दिवस आणले होते, बेटांवर उतरणंच बंद केलेलं, ते 2024 ला परत उघडलं. त्याच वर्षी इंग्लंडने नॉर्थ सीच्या आपल्या भागात सँडईलची मासेमारी पण बंद केली, ते बरं झालं.

उतरलातच तर बाबांना जाड टोपी द्या. वाटेच्या दोन्ही बाजूला आर्क्टिक टर्नची घरटी असतात आणि आया डोक्यावर चोच मारतात, खरोखर रक्त येतं. रागावू नका त्यांच्यावर. शंभर ग्रॅमचा जीव अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आलेला असतो, इथल्याच एका टर्नला न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तो कुठे कुठे जातो ते नोंदवणारं छोटं यंत्र बसवलेलं, जुलै 2015 ला गेला तो मे 2016 ला परत, मधे 96,000 किलोमीटर. एवढं फिरून आल्यावर दारात कोणी अनोळखी माणूस मोबाईल घेऊन उभा असेल तर आपण पण मारू.

मी अलिबागहून लिहितोय. मुलगी सनडरलँडला आहे. तिने एप्रिलमध्ये स्वॅलोचा फोटो पाठवला, तसाच पक्षी मी जानेवारीत आमच्या शेतावर तारेवर बघितला. तोच तिकडे गेला असेल का? तिला सांगायला बरं वाटेल.

काका, तुम्हाला निराश करायचं जिवावर येतंय पण नाही. जात तीच, घराणं वेगळं. तुमच्याकडची भिंगरी हिवाळ्याला येते ती हिमालय आणि त्याच्या पलीकडच्या आशियातून. मुलीच्या दारातली दक्षिण आफ्रिकेतून येते. हे कळलं कसं तर मे 1911 ला स्टॅफर्डशरमध्ये जॉन मेसफील्ड म्हणून एकाने आपल्या घरातल्या भिंगरीच्या पायात रिंग घातली आणि तीच रिंग डिसेंबर 1912 ला थेट दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ (Natal) प्रांतात सापडली. त्याआधी लोकांना त्या नक्की कुठे जातात याचा पत्ता नव्हता.

पण थांबा, तुमच्यासाठी चांगली बातमी खालच्या उत्तरात आहे.

ऑफिसमधला एक गोरा कलीग मे महिन्यात ब्ल्यूथ्रोट दिसला असा मेसेज आल्यावर अर्धी सुट्टी टाकून होली आयलंडला पळाला. गूगल केलं तर हा पक्षी पुण्याजवळ पण असतो म्हणे! मग एवढं काय त्यात?

हा माझा लाडका प्रश्न. ब्ल्यूथ्रोट, आपल्याकडे शंकरही म्हणतात त्याला. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला पाणकणसांत शेपूट उडवत फिरतो, आपण फ्लेमिंगोच्या नादात त्याच्याकडे बघत पण नाही. इंग्लंडात तो राहत नाही, स्कँडिनेव्हियाला जाताना मेच्या सुरुवातीला वारा आग्नेयेचा झाला आणि वर पाऊस किंवा धुकं असलं की भरकटून नॉर्थ सी ओलांडतो आणि दमून पहिल्या जमिनीवर उतरतो. ती जमीन म्हणजे आमच्या किनाऱ्यालगतचं होली आयलंड बेट. म्हणून कलीग पळाला, वारा बदलला की पक्षी रात्रीतून गायब.

मी एकदा गेले होते. एका गल्लीत हॉथॉर्नच्या झुडपापाशी वीस-पंचवीस माणसं, कोणी खोकत पण नाही. दहा मिनिटांनी झुडपाखालून तो बाहेर आला, ओल्या मातीवर दोन उड्या मारल्या, थांबला, आणि मान वर केली तर गळा असा निळा की मोरपीस फिकं पडावं, मधोमध तांबडा ठिपका. माझ्या तोंडून जोरात निघालं, “अरे हा तर आपला!” सगळ्यांनी वळून बघितलं. शेजारच्या आजोबांना सांगितलं की माझ्या माहेरी हा शेताच्या बांधावर असतो तर ते बिचारे माझ्याकडेच दुर्मिळ पक्षी असल्यासारखे बघत राहिले. आणि “आपला” हे नुसतं कौतुकाचं नाही बरं का, नॉर्वेतल्या ब्ल्यूथ्रोटना असंच यंत्र लावून बघितलंय, ते हिवाळ्यात आफ्रिकेला नाही जात, भारत-पाकिस्तानकडे येतात. तर अलिबागचे काका, मुलीला भिंगरी नाही, हा शोधायला सांगा.

त्या नादात मी भरतीची वेळ विसरले हे पण सांगते. होली आयलंडचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, वेळापत्रक तिथे मोठ्ठं लावलेलं असतं, मी फक्त येतानाचं वाचलेलं. मग पाच तास गाडीत बसून डब्यातला दडपे पोहे चमच्याने पुरवून पुरवून खाल्ला. रिस्क घेऊन गाडी घालणारे दरवर्षी निघतात आणि त्यांना मग पाण्यात मधोमध खांबांवरच्या लाकडी खोपट्यात चढून बसावं लागतं, तसलं काही करू नका.

दुर्बीण कुठली घेऊ? आणि सीहाउसेसच्या बंदरात काळी-पांढरी बदकं बघितली, ती माणसासारखी आवाज काढतात, काय आहे ते?

8 बाय 42 घ्या (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची), जास्त झूमच्या मागे लागू नका, बोटीत सगळं हलतं.

बदकं म्हणजे आयडर, काळा-पांढरा तो नर, मादी तपकिरी. इथले लोक त्याला कडीज डक म्हणतात, कडी म्हणजे सेंट कथबर्ट, सातव्या शतकात इनर फार्न बेटावर एकटे राहिलेले साधू, त्यांचा या बदकांवर फार जीव होता म्हणतात. स्थलांतर-बिलांतराची भानगड नाही, बारा महिने इथेच, चिप्स खाणाऱ्यांच्या पायाशी. आणि आवाजाचं तुम्ही बरोबर पकडलंत, एप्रिलमध्ये नर मादीसमोर मान मागे टाकून जे काय म्हणतात ते माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं, “अगं, हे तर अग्गोऽबाई म्हणतायत!”