खापर कशाला म्हणावे, आणि 'खापराचे मूळ' म्हणजे कशाचे?

प्रश्न नागपूरचा आहे: "इथल्या शिळावर्तुळांवरच्या लेखात 'खापरांचे मूळ शोधले' असे वाचले. खापर म्हणजे कवेलूच ना? आणि मूळ म्हणजे ते सापडले ती जागा का?"

कवेलू, म्हणजे छपराचे कौल, नव्हे. फुटलेल्या मातीच्या भांड्याचा तुकडा तो खापर. संस्कृत कर्पर किंवा खर्पर, प्राकृत खप्पर, मराठी खापर. हिंदीतले खपरैल (कौलारू छप्पर) याच घराण्यातले, म्हणून आपल्याकडे घोळ होतो. खानदेशात मांडे भाजतात ते खापर अख्खे असते, पण तो वेगळा अर्थ. उत्खननातल्या अख्ख्या भांड्याला मृत्पात्र किंवा मृद्भांडे म्हणावे ('मृदपात्र' नको, प-आधी त् येतो).

खरा ढिला शब्द आहे 'मूळ'. भांडे सापडले कुठे, घडले कुठे आणि माती कुठली, हे तीन प्रश्न तो एकाच पोत्यात भरतो. प्रयोगशाळेची धाव मुख्यतः तिसऱ्यापर्यंत, तीही इतर मातीशी तुलना करूनच. खापराचा काप काचपट्टीवर चिकटवून 0.03 मिमी जाडीपर्यंत घासतात. खापर ठिसूळ असेल तर आधी इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) मुरवावे लागते. नाहीतर घासताना कण निखळतात आणि उरलेली भोके मूळचीच वाटतात. मग ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे ओळखतात.

विदर्भातल्या महापाषाणीय (मोठ्या शिळांची दफनस्मारके असलेल्या, शिळावर्तुळे त्यांतलीच) स्थळांवर अभ्रक चमकणारी तांबडी खापरे मिळतात. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक. निव्वळ त्याच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत ही चमक येत नाही. ती पूर्व-उत्तरेकडच्या नाइस-शिस्ट या अभ्रकयुक्त रूपांतरित खडकांची. तेव्हा बेसाल्टच्या मुलखातले असे खापर सांगते, की माती, तिच्यात कालवलेली भर किंवा अख्खे मडके बाहेरचे आहे. तिघांपैकी कोणते, ते अभ्रक सांगत नाही. नदीचा गाळही अभ्रक दूरवर नेतो.

मूलद्रव्ये मोजायला एक्स-रे फ्लुओरेसन्स (नमुन्यावर क्ष-किरण पाडून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणे) वापरतात, आणि इथे चुका फार. जमिनीतले कॅल्शियम, फॉस्फरस खापरात मुरतात, म्हणून वरचा थर खरवडून आतला भाग घ्यावा. भुकटी अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात करावी. टंगस्टन कार्बाइडच्या खलातून टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतात. कुंभाराने वाळू जास्त घातली की बहुतेक आकडे एकदम खाली येतात, म्हणून नुसते प्रमाण न पाहता मूलद्रव्यांची गुणोत्तरे पाहतात आणि परिसरातल्या मातीच्या नमुन्यांशी ताडतात. एवढे करून निघते ते 'मातीचा उगम', आणि तेच लिहावे. गोंधळाचे खापर एकट्या लेखकावर फोडू नये, मराठीत तिन्हींना सर्रास 'मूळ'च म्हणतात.

'सापडल्याचे ठिकाण' उत्खननाच्या नोंदीतून कळते. 'घडणीचे ठिकाण' मात्र आवा (कुंभाराची भट्टी) किंवा भाजताना वाकलेली, फुगलेली टाकाऊ भांडी मिळाली तरच लिहावे.