वाचकांचे प्रश्न : घरकुलाचा हप्ता, जागा आणि काळी माती

प्रश्न : प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाच्या मंजुरीचं पत्र हाती येऊन तीन महिने झाले. पंचायत समितीत म्हणतात, 15 हजारांचा पहिला हप्ता सोडला. आईचं पासबुक मात्र कोरंच. खातं चालू आहे, आधारही जोडलेलं आहे. (आर्णी, जि. यवतमाळ)

बहुधा पैसा आईच्याच नावावर, पण दुसऱ्या बँकेत पडला आहे. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी आधार सीडिंग, म्हणजे पैसा कोणत्या बँकेत जावा याची आधारशी नोंद होणं वेगळं. आधारावरून येणारी रक्कम शेवटचं सीडिंग जिथं झालं त्या एकाच खात्यात जाते, अर्जासोबत झेरॉक्स कोणत्याही पासबुकाची दिलेली असो. गावात शिबिर लागलं, अंगठा दिला, एक खातं उघडलं आणि विसरलो, असं घरोघरी झालं आहे. 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, बँकेचं नाव तिथंच दिसेल. ओटीपीसाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा.

तिथं कोणतीच बँक दिसत नसेल तर बँकेत सीडिंगचा अर्ज द्या, पोच घ्या. मग पंचायत समितीच्या घरकुल विभागात आईचा नोंदणी क्रमांक देऊन रक्कम परत फिरली का, हे विचारा. 'सोडला' म्हणजे 'जमा झाला' नव्हे.

प्रश्न : आजोबांच्या काळापासून राहतो. नमुना 8 वर घर आहे, टॅक्स भरतो. सातबाऱ्यावर मात्र झुडपी जंगल लागलं आहे. घरकुल इथंच बांधता येईल का? (मूल, जि. चंद्रपूर)

भाऊ, आत्ता पाया खोदू नका. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन ही वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागायची आहे. त्यामुळे आजोबांच्या नावे पट्टा किंवा वाटपाचा आदेश निघाला होता का, ते तहसीलच्या अभिलेखातून काढा. नुसत्या टॅक्स पावत्यांवर निभणार नाही.

दुसरी वाट म्हणजे पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना. यादीत नाव आहे पण जागा नाही, अशांना 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत मिळते. गावठाणातला प्लॉट बघा. शेतातला तुकडा घ्यायचा तर तुकडेबंदी कायद्यामुळे आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून पैसे देऊ नका, नोंदणीकृत खरेदीखतच हवं.

प्रश्न : आमच्याकडे मुरूम लागतच नाही, सगळी काळी माती. शेजाऱ्याचं घरकुल दोन वर्षांत तडकलं. एवढ्या पैशात मजबूत घर कसं उभं करायचं? (दर्यापूर, जि. अमरावती)

आधी हिशेब. मूळ मदत 1 लाख 20 हजार. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080. पात्र असाल तर शौचालयाचे 12 हजार. राज्याने 2025 मध्ये जाहीर केलेल्या 50 हजारांच्या जादा मदतीतले 35 हजार बांधकामाचे, 15 हजार छतावरच्या सौर यंत्रणेचे. नियम किमान 25 चौरस मीटरचा, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. 12 बाय 14 ची खोली आणि 10 बाय 11 चं स्वयंपाकघर धरलं तर 278 होतात, म्हणजे नियमात बसलं. घरं अर्धी राहतात ती बहुतेक जोता 600 चौरस फुटांचा घातल्यामुळे. पैसा जमिनीतच जिरतो आणि छताचा टप्पा येत नाही.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून उन्हाळ्यात भेगा किती खोल जातात ते काठी घालून मोजा आणि पाया त्याच्याही खाली न्या. खोदलेली काळी माती परत जोत्यात भरू नका, स्वस्त पडते म्हणून सगळे हेच करतात. मुरूम बाहेरून आणून थराथराने पाणी मारून चोपा. जोत्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींखालून सलग काँक्रीटची पट्टी, वर दोन खाली दोन अशा 10 मिलिमीटरच्या सळया. न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, भिंतीलगत दोन फूट उतरती फरशी घाला.

तुमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये वापरलं की सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. कालवायला आणि स्लॅबवर मारायला पिण्याचंच पाणी हवं. 300 चौरस फुटांच्या 4 इंची स्लॅबला 22 ते 24 पोती सिमेंट आणि सव्वादोन क्विंटलच्या आसपास लोखंड लागतं, ते एकदम जमवूनच सेंट्रिंग बांधा. रेती 5 ब्रासपर्यंत मोफत आहे, अर्ज तहसीलमध्ये द्या, पण वाहतूक तुमची.

रोजगार हमीच्या हजेरीचं सांभाळा. जॉबकार्ड घरकुलाशी जोडून घ्या, नमुना 4 भरून काम मागा आणि मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, निघाल्यावरच तो टप्पा सुरू करा. मस्टर मागच्या तारखेचं निघत नाही. घर पुढे धावलं की मजुरी बुडाली.

जागेचा फोटो जिथं काढला तिथंच बांधा. जुन्या घराचा फोटो एकीकडे आणि पाया दुसरीकडे असला की फोटो चढवायच्या सरकारी ॲपवरचं ठिकाण जुळत नाही, पुढचा हप्ता अडतो.

प्रश्न : मोटारसायकल आहे म्हणून घरकुलाच्या यादीतून नाव कापतात का? (हिंगणा, जि. नागपूर)

आता नाही, दुचाकीची अट काढली आहे. ट्रॅक्टर, चारचाकी, 50 हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, अडीच एकर ओलीत किंवा पाच एकर कोरडवाहू असेल तर मात्र नाव कापतात.