तंबाखूचा व्यापारी, कार्निव्हलचा पुढारी: फ्रान्झ राव्हो

प्रश्न: जर्मनीतल्या कोलोन शहराच्या कार्निव्हलबद्दल वाचताना फ्रान्झ राव्हो हे नाव आलं. हे गृहस्थ नेमके कोण?

राव्हो १८१०मध्ये कोलोनमध्ये जन्मले. तरुणपणी ते बेल्जियमच्या १८३०च्या क्रांतीत उतरले, पुढे स्पेनमधल्या यादवीतही लढले. गावी परतल्यावर त्यांनी तंबाखूचा व्यापार मांडला. शहराला ते माहीत झाले ते मात्र कार्निव्हलमुळे.

प्रश्न: कार्निव्हल म्हणजे मौजमजा. त्यातून राजकारणी कसा घडतो?

त्या काळातलं कोलोन डोळ्यांसमोर आणा. १८१५पासून शहरावर प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याची सत्ता होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि १८३२नंतर जर्मन राज्यांत राजकीय संघटना व सभांवर बंदी होती. कार्निव्हलच्या बैठका मात्र भरत. शहरातल्या प्रतिष्ठितांनी १८२३मध्ये उत्सवाची नव्याने घडी बसवली होती, सोमवारची मोठी मिरवणूक तेव्हापासूनची. बैठकीला सगळ्यांच्या डोक्यावर विदूषकी टोपी असे आणि वक्ता पिंपात उभा राहून बोले. एकसारख्या टोप्या घातल्या की कोण सावकार आणि कोण कारागीर हे निदान तेवढा वेळ बाजूला पडे. अधिकाऱ्यांना चिमटे काढायचे, टाळ्या मिळवायच्या आणि पोलिसांच्या हातीही लागायचं नाही, ही कसरत तिथे शिकायला मिळे.

राव्होंना ती उत्तम साधली होती. १८४४मध्ये जुन्या मंडळात फूट पडली, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने नवं 'सार्वत्रिक' कार्निव्हल मंडळ निघालं. उदारमतवादी मंडळी तिथे जमू लागली. कार्निव्हल हा राजकारणाचा नुसता बुरखा होता, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते पटत नाही. माणसं जमवणं, भांडणं मिटवणं, भरल्या सभेला धरून ठेवणं ही कामं राव्हो तिथेच करत होते. तीच पुढे उपयोगी पडली.

ऑगस्ट १८४६मध्ये सेंट मार्टिनच्या जत्रेत फटाक्यांवरून पोलीस आणि लोकांत जुंपली. लष्कर घुसलं, त्यात पिंपं बनवणारा एक तरुण कारागीर मारला गेला. शहर पेटायच्या बेतात होतं. नागरिकांनी सैन्याला मागे ठेवून बंदोबस्त स्वतःकडे घेतला, अंत्ययात्रा शांततेत पार पाडली आणि साक्षी-जबान्या गोळा केल्या. या सगळ्यात राव्हो पुढे होते. त्याच वर्षी ते नगरपरिषदेवर निवडून आले.

प्रश्न: १८४८च्या फ्रँकफर्ट संसदेत त्यांनी काय केलं?

ही सगळ्या जर्मन राज्यांतून निवडलेली, एकसंध जर्मनीची घटना करायला बसलेली संसद. तिच्या पहिल्याच आठवड्यांत त्यांनी एका नाजूक दुखण्यावर बोट ठेवलं. बर्लिनला प्रशियाची स्वतंत्र सभा भरत होती आणि काही प्रतिनिधी दोन्हीकडे निवडून आले होते. त्यांना दोन्ही जागा ठेवू द्या, असा राव्होंचा प्रस्ताव होता. पण चर्चा लगेच मूळ मुद्द्यावर गेली: वरचढ कोण, राष्ट्र की संस्थानं? राष्ट्रीय घटनेशी जुळेल तेवढाच राज्यांच्या घटनांचा अंमल चालेल, असा ठराव २७ मे रोजी झाला. पुढे प्रशियाने तो जुमानला नाही, हे खरं. तरीही सार्वभौमत्वाचा प्रश्न इतक्या लवकर उघड्यावर आणणं मला मोठं काम वाटतं.

प्रश्न: त्यांचा शेवट कसा झाला?

परागंदा अवस्थेत. जून १८४९मध्ये उरलीसुरली संसद श्टुटगार्टला हलली, तिने पाच जणांचं हंगामी राजप्रतिनिधी मंडळ, म्हणजे तात्पुरतं सरकार, नेमलं. राव्हो त्यातले एक. बाराच दिवसांत सैन्याने संसद उधळली. बाडेन या नैऋत्येकडच्या जर्मन राज्यातला उठावही चिरडला गेला आणि राव्हो स्वित्झर्लंडला निसटले. १८५१मध्ये कोलोनच्या न्यायालयाने त्यांना गैरहजेरीतच मृत्युदंड ठोठावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्सजवळ लाकेनला ते वारले, वय अवघं ४१.

प्रश्न: गोव्याचा कार्निव्हल आणि हा एकच का?

मुळात निमित्त एकच: ख्रिस्ती उपवासाच्या चाळीस दिवसांआधीची धमाल. गोव्यात ती पोर्तुगीजांबरोबर आली, कोलोनची ऱ्हाइनकाठची स्वतःची परंपरा आहे. तारखा ईस्टरवरून ठरतात, त्यामुळे दोन्हीकडे त्याच सुमाराला मिरवणुका निघतात. कोलोनला जाणार असाल तर सोमवारचीच पाहा.