वाचक विचारतात : आकडा तोच, मग गाणं वेगळं कसं?

प्रश्न : पुण्याहून कोल्हापूरला जाताना गाडीत ९८.३ लावून ठेवतो. घाट ओलांडला की खरखर सुरू होते आणि कोल्हापूर जवळ आल्यावर त्याच आकड्यावर दुसराच कार्यक्रम लागतो. रेडिओ मिर्ची एकच ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कंपनी एक, केंद्रं वेगळी. खासगी एफएमचा परवाना शहरागणिक मिळतो. पुण्याचा ट्रान्समीटर निराळा, कोल्हापूरचा निराळा. निवेदक आणि जाहिरातीही बहुधा तिथल्याच. अनेक शहरांत आकडा सारखा असला की नाव ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतं, एवढाच त्यातला धंद्याचा भाग.

एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. मनोऱ्यावरचा अँटेना १०० मीटर आणि गाडीचा २ मीटर उंचीवर धरला, तर सपाट जमिनीवर पल्ला ४५ ते ५० किलोमीटर येतो. मनोरा डोंगरावर असेल तर वाढतो, मध्ये घाट आला तर पलीकडे सावली पडते. परवान्यासाठी शहरांचे लोकसंख्येनुसार वर्ग पाडलेत. पुण्यासारख्या ‘अ’ वर्गाच्या शहरात केंद्राची प्रभावी शक्ती (अँटेनातून बाहेर पडणारा जोर) १० ते ३० किलोवॅट असते, लहान शहरांच्या ‘ड’ वर्गात १ ते ३; पण किलोवॅट वाढवले म्हणून डोंगर बाजूला होत नाही.

एकाच आकड्यावरची दोन केंद्रं क्षीण होऊन बरोबरीला आली, की रेडिओ त्यातलं जोरदार तेवढं धरतो आणि दुसरं दाबून टाकतो. वळणावर पारडं फिरलं की गाणंही बदलतं. रेडिओ बिघडलेला नसतो. गाडीच्या रेडिओत ‘एएफ’ची सोय चालू असेल तर ती बंद करून पाहा. तोच कार्यक्रम दुसऱ्या आकड्यावर शोधण्यासाठी ती असते; इथे तसं काही नसल्याने नुसती शोधाशोध होते आणि आवाज क्षणभर तुटतो. घरी खरखर असेल तर आधी स्टिरिओऐवजी मोनो करा, मग अँटेनाच्या जागी ७५ सेंटिमीटर वायर खिडकीशी उभी-आडवी धरून बघा. मोबाइलवर हेडफोनची वायरच अँटेना असते, ती गुंडाळून ठेवू नका.

प्रश्न : साड्यांच्या दुकानाची रेडिओवर जाहिरात द्यायची आहे. काय विचारून घ्यावं? (सांगली)

उत्तर : दर १० सेकंदांचा असतो. २० सेकंदांची जाहिरात दिवसाला ८ वेळा, १० दिवस, म्हणजे ८० वेळा. बिलात मात्र १६० एककं लागतील, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरात बनवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे आधी विचारा. वेळ लेखी घ्या : सकाळी ८ ते ११ किंवा संध्याकाळी ५ ते ९. ‘दिवसभरात कधीही’ असं स्वस्त पॅकेज घेतलं तर निम्म्या जाहिराती दुपारच्या सुस्तीत किंवा रात्री उशिरा जायची भीती. शेवटी प्रसारणाची तारीख-वेळेची नोंद मागा आणि मगच उरलेले पैसे द्या.

२० सेकंदांत जेमतेम ४५ शब्द बसतात. दहा आकडी मोबाइल नंबर त्यातले पाच-सहा सेकंद खातो आणि स्कूटरवरच्या माणसाला तो टिपताही येत नाही. त्यापेक्षा ‘अमुक चौकात, बँकेसमोर’ म्हणा.

प्रश्न : खासगी केंद्रं बातम्या का देत नाहीत? (नागपूर)

उत्तर : स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र शब्दही न बदलता लावता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल सांगायला हरकत नाही, कारण नियमांत ते बातम्यांत मोडत नाही.