तोफेआधी चिखल बघ

कोल्हापूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही लेख वाचले. रणगाड्यांवरचा दोनदा वाचला, ऑपरेशन सिंदूरवरचा एकदा. मणिपूरवरचा अर्ध्यात ठेवून दिला होता, तो रात्री जेवण झाल्यावर पुन्हा काढला. "काका, आडपडदा न ठेवता सांगा" असं लिहिलंयस, म्हणून तसंच लिहितो. हात चांगला आहे तुझा. वाक्य पळतं, वाचणारा मध्ये थांबत नाही. पण तिन्ही लेखांत एक गोष्ट कुठंच नाही, ती म्हणजे जमीन. तोफ आहे, टन आहेत, हॉर्सपॉवर आहे, शत्रू तर पानोपानी आहे. हे सगळं उभं कशावर आहे, ते तू एकदाही विचारलेलं नाहीस.

पहिला लेख घे. टी-90 टँकच्या तोफेच्या नळीचा व्यास 125 मिलिमीटर, अर्जुनचा 120, नव्या हलक्या झोरावर टँकचा 105, म्हणून झोरावर म्हणजे "खेळणं", असा तुझा हिशेब. तक्ता दिसायला छान आहे. पण टँकनं टँक फोडायचा असतो तेव्हा जो गोळा भरतात, ज्याला आम्ही एफएसएपीडीएस म्हणायचो, तो नळीतून बाहेर पडला की त्याच्यावरचं आवरण गळून पडतं. पुढं जाते ती एक बारीक, लांब, जड धातूची सळई, शेपटाला पंख लावलेली, सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं. चिलखत भेदायचं काम त्या सळईचं. ती किती लांब, कसल्या धातूची, किती वेगात जाते, यावर सगळं अवलंबून असतं.

आता गंमत बघ. टी-72 आणि टी-90 मध्ये गोळा भरायला माणूस नसतो. बुरुजाखाली, म्हणजे तोफ बसवलेल्या टँकच्या फिरत्या डोक्याखाली, एक फिरती चकती असते, तिच्यात 22 गोळे आडवे ठेवलेले असतात. गोळा वेगळा, त्याची दारू वेगळी, आणि यंत्र दोन्ही उचलून एकामागून एक नळीत सारतं. त्या चकतीत मावेल तेवढीच सळई लांब करता येते. म्हणजे तुझ्या 125 ला टँकच्या पोटानंच लगाम घातलाय. जर्मनांच्या लेपर्डमध्ये माणूस हातानं अख्खा एकसंध गोळा भरतो, तिथं तोफ 120 चीच आहे, पण ही अडचण नाही. मग तुझ्या तक्त्यात कोण वर आणि कोण खाली?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तू उद्या टी-72 ला भंगार ठरवशील. गोळा भरणारा माणूस कमी झाला म्हणून टँक बुटका झाला, वजन उतरलं, लांबून दिसणं कमी झालं. मी उभी नोकरी त्याच्यावर काढली. फायर झालं की दारूचं कवच जळून जातं, उरतो बुडाचा लोखंडी टोप, तो बुरुजाच्या मागच्या झरोक्यातून आपोआप बाहेर फेकला जातो. तो खण्ण आवाज आला की गनरला, म्हणजे तोफेचा नेम धरणाऱ्याला, पुढच्या गोळ्याचं बघायचं असतं. धुराचा वास अंगावरच्या डांगरीला असा बसायचा की दोन धुण्यांत जात नसे. आणि राजस्थानातल्या महाजन रेंजवर फायरिंग संपलं की खरी कसरत असायची. लांब दांड्याला ब्रश लावायचा, शेजारच्या टँकची पोरं हाताखाली घ्यायची आणि आत-बाहेर, आत-बाहेर नळी घासत बसायचं. तोफेच्या माऱ्यावर तू दोन हजार शब्द लिहिलेस, त्यात या साफसफाईला एक ओळ नाही. न घासलेल्या नळीचा नेम काय लागणार?

त्याच चकतीची दुसरी बाजू जगानं 2022 पासून युक्रेनमध्ये पाहिली. वरून किंवा बगलेतून मारा आत शिरला, खालची दारू पेटली, की बुरूज अख्खा उडून बाजूला पडायचा. ते व्हिडिओ बघून तू लिहितोस, "ड्रोननं रणगाडा संपवला." 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या सैनिकांनी सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली टँक फोडले, तेव्हाही शहाण्या माणसांनी हेच लिहिलं होतं. माझं मत विचारशील तर, इन्फन्ट्री नाही, इंजिनिअर नाहीत, डोक्यावर हवाई संरक्षण नाही अशा अवस्थेत पुढं काढलेला टँक आधीही मरत होता आणि आताही मरतो. ड्रोननं तो लवकर आणि स्वस्तात मरायला लागला, एवढं खरं. कीव्हकडं निघालेले रशियन ताफे आठव. चिखलाचा हंगाम, शेतात उतरायची सोय नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर एकामागं एक. पुढचा अडला की मागचे सगळे अडले.

हे नीट समजायचं असेल तर आपलंच 1965 वाच. संरक्षणमंत्री यशवंतराव होते. आपल्याकडची जुनी माणसं ते युद्ध घरचं असल्यासारखं सांगतात, त्याचं ते एक कारण. सप्टेंबरच्या 8 ते 10 तारखांना पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला लढाई झाली. पाकिस्तानकडं अमेरिकी पॅटन, 90 मिलिमीटर तोफेचे, त्या काळातले नामी टँक. आपल्याकडं थोडे सेंच्युरियन, हलके एएमएक्स-13, आणि शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. तुझा तक्ता तेव्हा कुणी मांडला असता तर आपण अमृतसर सोडून निघालो असतो. आपल्या फौजेनं मागं सरून घोड्याच्या नालेसारखा अर्धगोल मोर्चा धरला, उभ्या उसात टँक आणि तोफा लपवल्या, आणि कालव्याचं पाणी फोडून शेतं भिजवली. भिजल्या उसाच्या फडात ट्रॅक्टर-ट्रॉली घालायला आपल्या शिरोळातला ड्रायव्हर तयार होत नाही. तिथं तर चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड. पॅटन रुतले, वळायला गेले आणि बगल दिली. टँकची बगल कपाळाएवढी जाड नसते. अब्दुल हमीद जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन पिकात दडून बसायचे, टँक जवळ येऊ द्यायचे, मारायचे आणि जागा बदलायचे. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं त्यांना. पाकिस्ताननं तिथं नव्वदच्या वर टँक गमावले. पुढं त्यांतले कितीतरी एका जागी आणून उभे केले, त्या जागेला पॅटन नगर नाव पडलं.

आता झोरावरकडं ये. 2020 च्या उन्हाळ्यात लडाखमध्ये चीनशी तणातणी झाली, तेव्हा आपण टी-72 आणि टी-90 वर चढवले. ऑगस्टअखेर कैलास रांगेवर पंधरा हजार फुटांच्या वर टँक उभे केले, हे साधं काम नव्हे. विरळ हवेत इंजिनाचा दम तुटतो, थंडीत डिझेल आणि तेल कुरकुरतं, आणि चाळीसवर टनांचा बोजा प्रत्येक वळणावर जाणवतो. म्हणून 25 टनांचा, विमानानं उचलता येईल असा हलका टँक हवा होता. त्याला 105 मिलिमीटरची तोफ बसवली, कारण त्या वजनावर तीच झेपते आणि समोरही हलकेच टँक आहेत. अर्जुनचा नवा अवतार 68 टनांचा. वाळवंटात त्याच्यासारखा रुबाब दुसऱ्याचा नाही, पण त्याला आधी पूल विचारावा लागतो.

आणि पाणी. जून 2024 च्या शेवटी पूर्व लडाखमध्ये सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदी ओलांडताना एक टी-72 अडकला. रात्रीतून पाणी चढलं. पाच जण गेले. शत्रू नव्हता, गोळी नव्हती. तू टँकच्या "दुबळ्या जागा" लिहिल्यास त्यात क्षेपणास्त्र आहे, ड्रोन आहे, सुरुंग आहे. नदी नाही. पंचगंगा दर पावसाळ्यात आपल्याला काय दाखवते ते बघणाऱ्या पोराकडून हे सुटायला नको होतं.

सिंदूरवरच्या लेखाबद्दल थोडक्यात. 22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 माणसं मारली, 7 मे च्या पहाटे आपण नऊ ठिकाणांवर मारा केला, 10 मे ला संध्याकाळी पाचपासून मारा थांबला. तुझा लेख 9 तारखेचा. त्यात कराची बंदर बेचिराख आहे आणि आपले टँक लाहोरच्या वाटेवर आहेत. टीव्हीवर ओरडत होते म्हणून तूही लिहिलंस. दोन्ही खोटं होतं. तू जोडलेला एक व्हिडिओ तर आर्मा-3 या गेममधला आहे. युक्रेनच्या वेळीही तीच चित्रं फिरली होती. रात्रीच्या फायरिंगमध्ये कॅमेरा इतका स्थिर राहत नाही, आणि धूर असा एकसारखा उठत नाही. हे तुला माहीत असायचं कारण नाही. पण लेख एक दिवस तसाच ठेवला असतास, तर कराची आपोआप गळली असती.

त्याहून वाईट म्हणजे किणी टोलनाक्याजवळ ट्रेलरवरून चाललेल्या टँकचा तुझा व्हिडिओ. तुला वाटलं, जवानांना सलामी. त्यात टँक कोणता, किती, कोणत्या दिशेला, किती वाजता हे सगळं आलं, ट्रेलरच्या नंबरासकट. 26 एप्रिलला केंद्रानं माध्यमांना सूचना काढली होती की लष्करी कारवाया आणि हालचालींचं थेट चित्रण दाखवू नका. कारगिल, 26/11 आणि कंदाहारचा त्यात उल्लेख होता. तू माध्यम नाहीस म्हणशील. चाळीस हजार जण बघतात तुला, म्हणजे आहेस. तो काढून टाक. आजच.

मणिपूरच्या लेखाला मी खरं तर चिडलो होतो. "चार रणगाडे घाला, दोन दिवसांत सगळं शांत." कुणाच्या अंगणात घालायचे?

आपल्या कोल्हापुरातला 7 जून 2023 आठव. कुणीतरी मोबाईलवर स्टेटस ठेवलं, त्यावरून बंद पुकारला, शिवाजी चौकात गर्दी जमली, दगड उडाले, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, इंटरनेट बंद पडलं. तू तेव्हा कॉलेजात होतास. गल्लीत कोण काय बोलतंय यावरच सगळा कारभार चालला होता, आणि दर तासाला नवीन अफवा. कायम ज्यांच्याकडून फळं घेतो त्या माणसाचं दुकान बंद, आणि तो घरी पोचला का, हे कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मुंबईतल्या एखाद्या शहाण्यानं "कोल्हापुरात चार टँक घाला" असं लिहिलं असतं, तर तू त्याला काय म्हणाला असतास? शब्द मला माहीत आहेत, पत्रात लिहीत नाही.

मणिपूरला मे 2023 मध्ये आग लागली. शस्त्रागारं लुटली गेली. तिथं खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी यांच्या मध्ये फौज उभी आहे, आणि दोन्ही बाजूंना आपलेच लोक. तिथं चिलखती गाड्या नाहीत असं नाही. कॅस्पिर गाड्या आहेत, बुडाला व्हीचा आकार असतो, सुरुंगाचा धक्का बाजूला फेकला जावा म्हणून. त्या आतल्या माणसाला वाचवायला आहेत, बाहेरच्याला चिरडायला नाहीत. 24 जून 2023 ची इथम गावची घटना शोधून वाच. फौजेनं बारा अतिरेकी पकडले. बाराशे ते पंधराशेच्या जमावानं वेढा घातला, पुढं बायका. हातात बंदुका होत्या, मनात आणलं असतं तर वाट काढता आली असती. तिथल्या अधिकाऱ्यानं ते बारा जण स्थानिक पुढाऱ्याच्या ताब्यात दिले, शस्त्रं ठेवून घेतली आणि फौज घेऊन निघाला. तू याला शरणागती म्हणालास. मी म्हणतो, त्यानं मोजणी बरोबर केली. बारा जण पुन्हा पकडता येतात. बायकांवर गोळी चालली असती तर त्या खोऱ्यात पुढची वीस वर्षं फौजेला पाणी कुणी दिलं नसतं. कायदाही तेच सांगतो. जमाव पांगवायला फौज बोलावली तर कमीत कमी बळ वापरायचं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 130 व्या कलमात होतं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तसंच आलंय.

125 मिलिमीटरची तोफ दोन किलोमीटरवरच्या टँकसाठी आहे. गल्लीत तिचा गोळा कुठं जाऊन थांबेल हे गनरलाही सांगता येत नाही.

तर कामाचं. अहिल्यानगरला एकदा जा, तिथं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. शर्मन, सेंच्युरियन आणि पकडून आणलेला पॅटन शेजारी शेजारी बघ. नळीचा व्यास मोजत बसू नकोस, पट्ट्यांची रुंदी बघ, आणि तेवढ्या पट्टीवर किती वजन येतं ते वहीत मांड. मग झोरावरवरचा लेख पुन्हा लिही. मणिपूरचा एवढ्यात लिहू नकोस. तिकडची दोन-तीन माणसं पुण्यात शिकायला आहेत, दोन्ही बाजूंची. ओळख करून देतो, आधी त्यांच्याशी बोल.

आणि एक. तुझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. टँकच्या मागं चालताना पायदळाला काय वाटतं, हे त्यांना विचार. मी तर कायम आतच बसलेला, मला धूळ बाहेरून कशी दिसते ते माहीत नाही. ते पटकन बोलायचे नाहीत, दोनदा विचारावं लागेल. टँक शेजारी आला की त्यांना आधार वाटायचा, की सगळा मारा आता इकडंच येणार म्हणून शिव्या घालायचे, एवढं जरी सांगितलं तरी लिहून मला पाठव.

तुझा,
काका