साखर रेशनवर, मग केक कुठून आला?

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचत असताना तिला इंग्लंडमधील विजयदिनाचे एक छायाचित्र सापडले. गल्लीच्या मधोमध टेबले मांडली आहेत, मुले कागदी टोप्या घालून बसली आहेत आणि समोर केक आहेत. माझ्या सासूबाईंनी दुष्काळात कंट्रोलच्या दुकानातील मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी खाल्लेल्या आहेत. त्या लगेच म्हणाल्या, ‘‘साखर कंट्रोलवर असताना असा थाट कोणी करते काय?’’ युद्ध संपताच तिथले रेशन उठले होते काय?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : सासूबाईंची शंका घर चालवलेल्या बाईची आहे आणि ती रास्त आहे. रेशन उठलेले नव्हते.

इंग्लंडमध्ये ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि बेकन (डुकराचे खारवलेले मांस) यांचे रेशन सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यात मांस व चहा यांची भर पडली. प्रत्येक कुटुंबाने एका ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवायचे, त्याच्याकडूनच माल घ्यायचा आणि त्याने पुस्तिकेतील कुपने कापून घ्यायची, हा प्रकार आपल्याला काही परका नाही. बहुतेक काळ एका माणसाला आठवड्याला साखर सुमारे २२५ ग्रॅम, चहा सुमारे ५७ ग्रॅम आणि लोणीही तेवढेच मिळे. आपल्याकडील १०० ग्रॅम लोण्याच्या वडीचे दोन तुकडे केले, तर त्यातील एकाहून किंचित जास्त. आणि ते सात दिवस पुरवायचे. म्हणून काही घरांत प्रत्येकाच्या लोण्याची बशी वेगळी असे, म्हणजे कोणी कोणाचे खाल्ले ही भांडणे टळत. अंडे आठवड्याला एक, तेही आले तर. उरलेली गरज अमेरिकेहून येणाऱ्या अंड्याच्या भुकटीने भागवायची. एका डब्यात बारा अंड्यांएवढी भुकटी असे. शाकाहारी माणसाने मांसाचा वाटा सोडला, तर त्याला चीज जास्त मिळे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

छायाचित्रातील केक याच हिशेबातून उभे राहिले. युद्ध संपणार हे काही दिवस आधीच दिसू लागले होते, त्यामुळे विजयदिनाच्या, म्हणजे ८ मे १९४५ च्या आणि त्यानंतरच्या पंगतींसाठी गल्लीतील बायकांनी साखर, मार्गारीन (लोण्याऐवजी वापरायचा स्निग्ध पदार्थ), जपून ठेवलेला फळांचा डबा असे जे होते ते एकत्र केले. पोळ्याच्या पुरणासाठी महिनाभर आधीपासून गूळ बाजूला काढणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. टेबलांवर बहुधा सँडविच, जेली आणि साधे केक असत. केळी मात्र नसत, कारण ती युद्धाच्या सुरुवातीलाच यायची बंद झाली होती आणि अनेक लहान मुलांनी केळे पाहिलेलेही नव्हते.

रात्री शेकोट्या पेटल्या आणि त्यांत हिटलरचे पुतळे जाळले गेले. नागपूरच्या मारबत मिरवणुकीनंतर जाळले जाणारे बडगे, म्हणजे पुतळे, पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचे वाटेल. अनेक वर्षे खिडकीतून उजेडाची तिरीपही बाहेर पडू न देणाऱ्या त्या गावांना एवढा जाळ केवढा वाटला असेल!

त्यानंतरचे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही खरे वाटले नव्हते. युद्धात कधीही रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षे तसाच राहिला. मांसावरील शेवटचे निर्बंध ४ जुलै १९५४ रोजी उठले. छायाचित्रातील पाच वर्षांचे मूल तोवर तुमच्या मुलीएवढे झाले होते.