जिन आणि जास्मिन चहाचं कॉकटेल तुरट होतं. १० जणांसाठी आधी करून कसं ठेवावं?

तुरटपणा बहुतेक वेळा चहाचा असतो, जिनचा नव्हे. उकळत्या पाण्यात पत्ती टाकली की टॅनिन भराभर उतरतं. म्हणून चहा थंड पाण्यातच भिजवा: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम जास्मिन ग्रीन टी, फ्रीजमध्ये ६ ते ८ तास. गाळताना पत्ती पिळू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया. असा चहा सहसा गढूळही होत नाही.

आता मोठ्या जगमध्ये जिन ५०० मिली, चहा ९०० मिली (थोडं पाणी पत्तीच पिते) आणि साखरेचा पाक २०० मिली. पाकात साखर आणि पाणी समप्रमाणात. एवढं आदल्या रात्री करून ठेवलं तरी चालतं. लिंबाचा २०० मिली रस मात्र वाढण्याच्या तासभर आधीच घाला, शिळ्या रसाची चव उतरते. बर्फ ग्लासात, जगमध्ये नाही; शेवटचे ग्लास पाणचट होतात ते त्यामुळेच.

रंग हवा असेल तर चहासोबत गोकर्णाची ८-१० सुकी फुलं भिजवा. लिंबू पडताच निळ्याचा जांभळा होतो, त्यामुळे अशा वेळी रस तासभर आधी न घालता पाहुण्यांसमोर ओतलेला बरा. फुलांना स्वतःची चव जवळजवळ नसते.